मास्तरीणबाईंचा ब्रेक

मास्तरीणबाईंच्या उजव्या पायाला स्वतःचं डोकं होतं, आणि ते बाईंना विचारून चालत नसे. टीव्हीवर कुणी गाडी भरधाव हाकली की पाय पुढे सरकून चटई दाबायचा. बसमध्ये बसल्या तरी प्रत्येक थांब्याच्या जरा आधी तो खालचा पत्रा दाबून मोकळा. चपलांचं तर विचारूच नका. डावी नवीकोरी आणि उजवीचा तळ अंगठ्याखाली झिजून पार पातळ. चपला दुरुस्त करणाऱ्यानं एकदा न राहवून विचारलं होतं, "बाई, तुम्ही लंगडी घालत फिरता का?"

यात बाईंचा तसा दोष नव्हता. त्यांनी उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात घालवली होती. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही ब्रेकचं एक पॅडल असतं, तारेनं मुख्य पॅडलला जोडलेलं. शिकणारा भांबावला की शिकवणाऱ्यानं ते दाबायचं आणि सगळ्यांचा जीव वाचवायचा. निम्मं गाव बाईंच्या हाताखाली, खरं म्हणजे पायाखाली, शिकून तयार झालं होतं. मागे त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचे यजमान चष्मेवाले. चौकातल्या दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगं धरत मऊ आवाजात विचारायचे, "हे बरं, की हे बरं?" गिऱ्हाईक गोंधळून म्हणायचं, "परत एकदा दाखवा." हे परत दाखवायचे. घाई नाही, वैताग नाही. या माणसाला राग येतो की नाही, असा प्रश्न बाईंना संसारात बऱ्याचदा पडला होता.

लग्नाआधी तेही बाईंचेच विद्यार्थी. बाकीचे लोक महिन्याभरात शिकून गेले, यांची शिकवणी काही संपेना. कधी चढावर गाडी उचलत नाही, कधी रिव्हर्स जमत नाही. बाई जीव तोडून शिकवत राहिल्या. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात या गृहस्थांनी अरुंद गल्लीत एका हातानं, गुणगुणत, गाडी रिव्हर्स घेतली तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, पण आतून खूश होत्या.

गेल्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले म्हणून बाईंनी ड्रायव्हिंग स्कूल दुसऱ्या एकाच्या हवाली केलं. त्याला सगळं हवं होतं, फक्त ती म्हातारी गाडी नको होती. टपावरची 'शिकाऊ'ची पाटी काढली तर खाली मूळ रंगाचा चौकोन निघाला आणि गाडी आणखीच केविलवाणी दिसायला लागली. तिला भंगारात द्यायचं ठरत होतं, तेवढ्यात चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं.

"मी ठेवतो तिला," ते म्हणाले. "शर्यतीच्या रस्त्यावर न्यायची म्हणतोय."

भानगड अशी होती की त्यांच्या गिऱ्हाइकांत एक दातांचे डॉक्टर होते. हेल्मेटखाली न घसरणारा चष्मा करून घ्यायला ते आले आणि बोलता बोलता त्यांनी गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीचं वेड यांच्या डोक्यात सोडलं. तिथे आता विमानं येत नव्हती. महिन्यातून एकदा हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन येत आणि वळणावळणाच्या आखलेल्या रस्त्यावर मनसोक्त पळवत. शर्यत नाही, बक्षीस नाही. वीस वीस मिनिटांचे फेरे, बस्स. डॉक्टरांची स्वतःची एक पिवळीधमक गाडी होती.

"मला एक अख्खा फेरा मारायचाय," चष्मेवाले म्हणाले. "मध्ये न थांबता. आयुष्यभर लोकांना लांबचं नीट दिसावं म्हणून बसलो. एकदा स्वतः लांबवर बघत जोरात जाईन म्हणतो."

एवढं लांबलचक वाक्य त्यांनी लग्नाच्या वेळीसुद्धा म्हटलं नव्हतं. बाई विरघळल्या, पण कबूल करतील तर त्या बाई कसल्या. "मी शेजारी बसणार," त्यांनी फर्मान काढलं. "तुम्ही तिकडे उधळणार आणि मी घरी बसून घड्याळ बघणार, हे जमायचं नाही."

धावपट्टीवर हेल्मेट घालून शेजारी बसायला परवानगी होती. तेव्हा प्रश्न मिटला.

गाडी आधी गॅरेजवाल्याकडे गेली. हा बाईंचाच जुना विद्यार्थी, परीक्षेत दोनदा नापास झालेला आणि ते अजून न विसरलेला. त्यानं चाकं काढून बघितली आणि तोंड वाकडं केलं. जोरात पळायचं तर इंजिन नंतर, आधी ब्रेक, असं त्याचं म्हणणं. गावात एकदा दाबायचा आणि विसरायचं. तिथे दर वळणाला दाबायचा. पॅड तापणार, डिस्क तापणार, ब्रेक ऑइल उकळणार. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि पाय उशीवर ठेवल्यासारखा नुसता खाली जातो. त्यानं जास्त उष्णता सोसणारे पॅड आणि जास्त तापमानाला उकळणारं ऑइल सुचवलं. मग वाकून शेजारच्या सीटखाली बघत म्हणाला, "आणि हे दुसरं पॅडल काढून टाकतो. उगाच वजन."

"ते राहू दे," चष्मेवाले पटकन म्हणाले. "ते बाईंचं आहे."

नवीन ऑइल भरल्यावर नळ्यांतली हवा काढायचं काम चष्मेवाल्यांनी घरच्या अंगणात करायचं ठरवलं. दोघांचं काम. एकानं चाकापाशी बसून छोटी नळी उघडायची, दुसऱ्यानं गाडीत बसून पॅडल दाबायचं. चष्मेवाले जमिनीवर पसरले आणि ओरडले, "दाब." काही वेळानं, "धरून ठेव." मग, "सोड." बाई चोख दाबत होत्या. हुकूम देण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हुकूम पाळताना गंमत वाटत होती. बरंच झाल्यावर चष्मेवाले हात पुसत उठले आणि थबकले. बाई शेजारच्या सीटवर बसल्या होत्या. सगळी हवा त्यांनी आपल्या पॅडलनं काढली होती.

"इथे का बसलीस?"

"मग कुठे बसू?" बाई म्हणाल्या. ड्रायव्हरची सीट मोकळी आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

चष्मेवाले हसले आणि हत्यारं आवरायला लागले. काम तर झालं होतं.

पहिल्या खेपेला धावपट्टीवर गेले तेव्हा बाईंनी भाच्याचं हेल्मेट घातलं होतं. ते त्यांना एवढं मोठं होत होतं की वळणावर डोकं आत फिरायचं आणि हेल्मेट मागून यायचं. निशाण खाली आलं, गाडी निघाली. लांबलचक सरळ पट्टी, मग एक उजवं वळण, मग एक आवळलेलं डावं. बाई ताठ बसून होत्या, हात मांडीवर. आपण एकही शब्द बोललो नाही याचा त्यांना फार अभिमान वाटत होता. पाय काय करतोय इकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते कधीच नसायचं.

चौथ्या फेरीला चष्मेवाल्यांचा पाय उशीवर पडल्यासारखा खाली गेला. चाकांतून जळका वास आला. ते हळूहळू बाहेर आले. मागोमाग पिवळी गाडी थांबली आणि दातांचे डॉक्टर खिडकीतून डोकावले. "अहो, सरळ पट्टीवर ब्रेक कशाला मारता? तुमचा मागचा लाल दिवा विझतच नाही."

बटण अडकत असेल म्हणून गॅरेजवाल्यानं दिव्याचं बटण बदललं आणि पुढच्या खेपेला मोठ्या डिस्क बसवायचं ठरवलं. त्याच कंपनीच्या थोरल्या गाडीच्या डिस्क आणि त्यांवर पॅड आवळणारे कॅलिपर त्यानं भंगारबाजारातून शोधून आणले, घासूनपुसून चकचकीत केले. चष्मेवाल्यांनी दुकानात बसल्या बसल्या कॅलिपरला लाल रंग दिला. गिऱ्हाईक आलं की ब्रश ठेवायचे, भिंग धरायचे. एका आजींनी फ्रेमवर रंगाचा ठिपका का, म्हणून विचारलंही.

नवे पॅड डिस्कवर रुळवून घ्यावे लागतात. त्यासाठी दोघं सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गेले. वेग घ्यायचा, जोरात ब्रेक, पण पूर्ण थांबायचं नाही, परत वेग. चष्मेवाले दर वेळी विचारत, "आधीचं बरं, की आताचं बरं?"

"आताचं," बाई म्हणायच्या. "पण तुम्ही जरा उशिरा दाबता."

त्यावर चष्मेवाल्यांनी रस्त्यावरून नजर काढून एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि परत समोर बघितलं.

दुसरी खेप पहिलीपेक्षा वाईट गेली. या वेळी धूर निघाला, चांगला निळसर, लांबून दिसेलसा. धावपट्टीचा तपासनीस तरातरा चालत आला. माणूस अंगानं किरकोळ, आवाजानं दांडगा. चाकाजवळ हात नेऊन त्यानं लगेच मागे घेतला. "काका, हे धोक्याचं आहे," तो म्हणाला. "पुढच्या वेळी धूर दिसला तर ही गाडी कायमची बाहेर. मग माझ्याकडे विनंत्या करायच्या नाहीत."

रात्री जेवताना चष्मेवाल्यांनी दोनदा मीठ मागितलं, समोरच असून. बाईंना राहवेना. या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी मागितलं काय, तर वीस मिनिटं. तीही मिळू नयेत?

मग त्या कामाला लागल्या. ब्रेकला वारा लागला पाहिजे, असं गॅरेजवाल्यानं म्हटल्याबरोबर त्यांनी घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची जाडजूड नळी आणून त्याच्यापुढे टाकली. "एवढी पुरेल का?" पुढच्या बंपरमध्ये भोकं पाडून ती नळी कापून दोन्ही चाकांपर्यंत नेली. त्यानंतर घर झाडूनं झाडायची वेळ आली, पण बाईंनी चकार शब्द काढला नाही. गॅरेजवाला तर इरेला पेटला होता. "बाई, एवढ्या ब्रेकवर ट्रक थांबेल," तो डोकं खाजवत म्हणायचा. "जाते कुठे ही सगळी उष्णता? माझी तर मती गुंग झालीय." तिसऱ्या खेपेला तो आपणहून हत्यारांची पेटी घेऊन बरोबर आला.

त्या दिवशी फाटकावरच माशी शिंकली. तपासनीसानं बाईंचं हेल्मेट हातात घेतलं, हनुवटीखालचा पट्टा ओढला आणि बक्कल त्याच्याच हातात आलं.

"हे चालणार नाही, काकू. तुम्ही बाहेर बसा."

"अहो, मी रोज थोडीच पडते गाडीतून?"

"बाहेर," तो म्हणाला.

बाईंनी चष्मेवाल्यांकडे बघितलं. ते बिचारे सीटबेल्ट लावून, हातमोजे चढवून बसले होते. "तुम्ही जा," त्या म्हणाल्या, आणि खिडकीतून आत वाकून पुढे म्हणाल्या, "ब्रेक लवकर दाबा. डाव्या वळणाला तर फारच लवकर." मग कुंपणापाशी जाऊन जाळी दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. जीव टांगणीला लागला होता. आज धूर निघाला की संपलं.

गाडी सुटली. टपावरचा मूळ रंगाचा चौकोन लांबूनही ओळखू येत होता. सरळ पट्टीवर ती आली तेव्हा बाईंचा पाय जाळीखालच्या दगडावर दाबला गेला. गाडीचा मागचा दिवा मात्र लागला नाही. गाडी पळतच राहिली. आणि मग, त्यांनी दाबला असता त्याच्या थोडं पुढे, पण अगदी जिथे हवा तिथे, लाल दिवा लागला. गाडी मान खाली घातल्यासारखी वाकली, शहाण्यासारखी वळली आणि दिवा विझला.

पुढच्या फेरीला तसंच. त्याच्या पुढच्या फेरीलाही तसंच.

बाईंना एकदम जाणवलं की इतक्या वर्षांच्या संसारात आपण आपल्या नवऱ्याला गाडी चालवताना बाहेरून कधी पाहिलंच नाही. कायम शेजारून. शेजारून नुसता रस्ता दिसतो, रस्त्यावरची संकटं दिसतात. माणूस दिसत नाही. आणि हा माणूस तर सुरेख चालवत होता. घाई नाही, वैताग नाही, भिंग बदलावं तशी हलक्या हातानं वळणं घेत होता. त्यांचे डोळे भरून आले. लोक बघतील म्हणून त्यांनी उन्हाला नावं ठेवली.

त्यांनी खाली बघितलं. उजवा पाय अजून दगडावर दाबलेला होता. झिजकी चप्पल, ताणलेली पोटरी. लाल दिवा विझत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते ते त्यांना आठवलं. शेजारच्या सीटवर बसून हवा काढलेली आठवली. त्यांची लेक तर सासरी गेल्यापासून दर फोनला सांगायची की आई, तू सोडून कुणीही शेजारी बसलं तरी मला गाडी चालवता येते. ते त्या इतके दिवस थट्टेवारी नेत होत्या. एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली आणि बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. गाडीला काही झालेलं नव्हतं. गाडीला त्या झाल्या होत्या.

वीस मिनिटं पुरी झाली. चौकड्यांचं निशाण हललं आणि चष्मेवाले सावकाश आत आले. तपासनीसानं चाकाजवळ हात धरला, धरून ठेवला, वास घेतला. "उत्तम," एवढंच म्हणून तो दुसऱ्या गाडीकडे गेला. गॅरेजवाल्यानं आनंदानं बंपरवर थाप मारली. "नळी, बाई. तुमच्या नळीनं काम केलं."

"नळीनं नाही," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी हेल्मेट काढलं. चेहरा उजळला होता, पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून ते चोरी सापडल्यासारखे चष्मा पुसायला लागले. "आज हवा गार होती," ते म्हणाले.

"हवा नव्हती. मी नव्हते." बाईंनी कमरेवर हात ठेवले. "तुम्हाला माहीत होतं."

चष्मेवाले काच पुसतच राहिले.

"कधीपासून?"

"पहिल्या खेपेलाच शंका आली होती, नवे पॅड रुळवताना खात्री पटली. मी पाय न्यावा तर पॅडल आधीच खाली गेलेलं. माझ्या आधी कुणीतरी पोचलेलं."

"मग बोलला का नाहीत? उगाच त्या डिस्क, तो लाल रंग, माझी चांगली नळी... हा पोरगा वेडा व्हायची वेळ आली."

गॅरेजवाल्याच्या आता कुठे ध्यानात यायला लागलं होतं. तो पाना हातात धरून एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता.

"बोललो असतो तर तू बसली नसतीस शेजारी," चष्मेवाले म्हणाले. "तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणाली असतीस, माझी अडचण होते तर जा एकटे. म्हणून म्हटलं, दोघांचा ब्रेक सोसतील एवढे मोठे ब्रेक बसवू. कुठेतरी पुरतीलच की."

रागवायचं ठरवून बाईंनी तोंड उघडलं, पण राग जागेवर नव्हता. शेवटी त्या गॅरेजवाल्याकडे वळल्या आणि अगदी शिकवणीतल्या आवाजात म्हणाल्या, "बघत काय उभा राहिलास? ती तार काढ."

"पॅडलच काढतो की, बाई."

"पॅडल राहू दे. तार काढ."

त्यानं गाडीत वाकून खटका काढला, तार ओढून घेतली आणि वेटोळं करून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती पर्समध्ये टाकली. दातांच्या डॉक्टरांकडे एक जास्तीचं हेल्मेट होतं, डोक्याला बरोबर बसणारं. तपासनीसानं त्याचा पट्टा दोनदा ओढून बघितला आणि नाइलाजानं मान हलवली.

पुढच्या फेऱ्याला बाई शेजारी बसल्या. सरळ पट्टी आली, पाय पुढे गेला, पॅडल काही न करता लुळं खाली टेकलं. समोर वळण, पायाखाली काही नाही. मग चष्मेवाल्यांनी ब्रेक दाबला, जिथे हवा तिथेच, आणि पट्ट्यानं बाईंना हलकेच धरून ठेवलं. पुढच्या वळणाला त्या परत दाबून बसल्या. परत गाडी चष्मेवाल्यांच्याच पायानं आवरली. तिसऱ्या फेरीत त्या दाबायला जरा उशीर करायला लागल्या. पाचव्या फेरीत त्यांनी पहिल्यांदाच खिडकीतून बाहेर बघितलं. गवतातून करड्या पक्ष्यांचा थवा उठत होता, आणि त्याच्या पलीकडे सगळं इतकं लांबवर दिसत होतं की बाई बघतच राहिल्या. शेवटच्या फेरीत आपला पाय कुठे होता, हे त्यांना नंतर कितीही आठवून आठवेना.

गाडी आत येऊन थांबली. धूर नाही, वास नाही. इंजिन बंद केल्यावर गरम लोखंड टिकटिकत गार होत होतं. चष्मेवाल्यांनी मान वळवून त्याच मऊ आवाजात विचारलं, "आधीचं बरं, की आताचं बरं?"

बाईंनी हेल्मेटचा पट्टा सोडायला हात वर नेला होता, तो परत खाली घेतला.

"परत एकदा दाखवा," त्या म्हणाल्या.